ढालीमागचा हात : कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर सोडून दक्षिणेकडे निघाले की कागल लागते, कागल ओलांडले की निपाणी, आणि संकेश्वरचा टापू मागे टाकला की बेळगाव. आज या वाटेवर दोन राज्यांच्या पाट्या उभ्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्या नव्हत्या. कोल्हापूर आणि कागल संस्थानी मुलखात होते, निपाणी आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. परंतु नाटक मंडळीच्या सामानाच्या गाड्यांना या हद्दीचे सोयरसुतक नसे. कोल्हापूरचा मुक्काम आटोपला की मंडळी निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी असा दौरा करीत, आणि त्यांच्याबरोबर गुंडाळलेले रंगीत पडदे, पेटाऱ्यांतले अंगरखे आणि पुठ्ठ्याच्या ढालीही हिंडत. मराठी रंगभूमीचे मूळही या दोन भाषांच्या शिवेवरच सापडते. उत्तर कन्नड भागातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या विष्णुदास भाव्यांना नाटकाची प्रेरणा मिळाली आणि 1843 मध्ये त्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे.

या मुलखातील प्रेक्षकाने ज्या पडद्यांकडे पाहून राजवाडे, अरण्ये आणि रणांगणे मनात उभी केली, त्यांपैकी कित्येक पडदे कोल्हापूरच्या एका मेस्त्री घराण्यातील दोन भावांच्या कुंचल्यातून उतरले होते. त्यांतील धाकटा पुढे बाबूराव पेंटर या नावाने महाराष्ट्राला माहीत झाला. पुठ्ठ्याच्या ढालीवर समाधान मानण्यास त्याने नकार दिला, आणि त्या एका नकारातून मराठी चित्रपटाचा फार मोठा भाग जन्माला आला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम या साऱ्यांत त्यांचा हात चाले. चित्रकलेच्या विद्यालयाची पायरी बाबूराव चढले नाहीत. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय त्या वेळी नावारूपास आले होते आणि कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांच्यासारखे चित्रकार तेथून शिकूनही आले होते. परंतु बाबूरावांची शाळा म्हणजे वडिलांची पटाशी, भाता आणि शाडूची माती. लाकूड कोठे चिरते, लोखंड कोणत्या तापावर वाकते आणि माती किती ओली असावी लागते, हे ज्याला आधी कळते आणि रंग ज्याला नंतर भेटतो, त्याच्या चित्रातली वस्तू नुसती दिसत नाही; तिला वजन येते. बाबूरावांच्या पुढील साऱ्या कामाचे मर्म येथे आहे.

त्यांचे चुलतभाऊ आनंदराव मेस्त्री वयाने थोडे मोठे आणि तितकेच कसबी. दोघांची जोडी जमली. 1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतातील नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविणाऱ्यांत या बंधूंचे नाव अग्रभागी होते. मराठी संगीत मंडळ्या त्यांच्याकडे येत, तशाच गुजराती आणि पारशी कंपन्याही. चुलतभावांच्या या जोडीला लोक ‘पेंटर’ म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले. केशवराव भोसले यांनी 1908 मध्ये हुबळीत स्थापन केलेली ‘ललितकलादर्श’ आणि 1913 मध्ये निघालेली ‘गंधर्व नाटक मंडळी’ यांच्या भरभराटीचा हा काळ. उंची वस्त्रे, अत्तराचा दरवळ आणि खोलीचा भास निर्माण करणारे पडदे यांनी रंगमंच झगमगू लागला होता.

या झगमगाटात एक विसंगती मात्र कोणाच्या डोळ्यांत सलत नव्हती. पौराणिक राजा आणि ऐतिहासिक सरदार यांचा पोशाख जवळजवळ एकच असे. मखमलीचा जरीकाठी अंगरखा, मण्यांच्या माळा, मुलामा दिलेला मुकुट किंवा मंदील. कोकण-गोमंतकातील दशावताराला असा वेष शोभतो, कारण तेथे वेष हीच भाषा असते. कोण देव आणि कोण दैत्य हे प्रेक्षकाने पाहताक्षणी ओळखायचे असते. परंतु काल-परवापर्यंत ज्यांचे वंशज शेजारच्या गावात राहत होते, ज्यांच्या तलवारी घराघरांत दसऱ्याला पूजल्या जात होत्या, त्या मावळ्यांनाही तोच वेष चढवला की इतिहासाचे पुराण होऊन जाई. शौर्य उरे, पण ते माणसाचे वाटत नसे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये प्रदर्शित झाला आणि आनंदराव-बाबूराव या नव्या विद्येने झपाटून गेले. मुंबईच्या बाजारातून त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळविला, चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय करून पाहिला, आणि मग प्रश्न उभा राहिला तो कॅमेऱ्याचा. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, महायुद्धामुळे तो सहज मिळण्याजोगाही नव्हता. तेव्हा कॅमेरा आपणच करावयाचा, असे या मेस्त्री बंधूंनी ठरविले. हा निश्चय आज वाचताना अद्भुत वाटतो. लेथ, कानस आणि साचा हाताखाली असलेल्या घराला तो तितकासा वाटला नसावा. परंतु हे काम चालू असतानाच 1916 मध्ये आनंदरावांचा मृत्यू झाला. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. चुलतभाऊ, सहकारी आणि वाटाड्या, असे तिघे एकदमच गेले.

कामाला पुन्हा हात घालताना त्यांच्या सोबतीला आले ते विष्णुपंत दामले. पेणचे हे तरुण यंत्रविद्येत अत्यंत कुशल होते. दोघांनी मिळून 1918 मध्ये चालता कॅमेरा सिद्ध केला. त्याआधीच, 1 डिसेंबर 1917 रोजी, ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ची स्थापना झाली होती. तिला भांडवल हवे होते आणि ते देण्यास पुढे आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. कोल्हापूर आणि निपाणी यांच्या मधोमध असलेल्या कागलचे नाव मराठी चित्रपटाच्या जन्मकथेत असे कोरले गेले. कंपनीचे दुसरे आधारस्तंभ साहेबमामा फत्तेलाल हेही मूळचे कागलचेच. आणि ज्यांच्या आश्रयाने ही कंपनी उभी राहिली ते राजर्षी शाहू महाराज दत्तक जाण्यापूर्वी कागलच्याच घाटगे घराण्यातील यशवंतराव होते. संस्थानाने कंपनीला जागा आणि साहाय्य दिले. पुढे व्ही. शांताराम या नावाने गाजलेला कोल्हापूरचा शांताराम वणकुद्रे हाही तरुण येथेच मिळेल ते काम करीत शिकू लागला.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात तो झळकला. कीचकवधाचा प्रसंग मराठी माणसाला नवा नव्हता. खाडिलकरांच्या त्याच विषयावरील नाटकावर सरकारने 1910 मध्ये बंदी घातल्याची आठवण ताजी होती. पण पडद्यावर भीमाने केलेला कीचकाचा वध इतका खरा वाटला, की प्रेक्षक हादरून गेले आणि पुढे तो भाग काढून टाकावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव करून त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, हेही त्या काळात धाडसच होते. कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आलेल्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना त्याबद्दल समाजाचा रोष सोसावा लागला.

‘सैरंध्री’ने यश दिले, परंतु बाबूरावांच्या दृष्टीची खरी कसोटी लागली ती 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला होता. प्रश्न असा होता, की 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री कोंढाण्यावर चढलेला मावळा दिसत कसा होता?

हा प्रश्न आज वाटतो तितका सोपा नव्हता. शिवाजी महाराजांचे विश्वसनीय समकालीन चित्र कोणते, याविषयीही त्या वेळी लोकांच्या मनात घोळ होता. वा. सी. बेंद्रे यांनी डच दप्तराच्या आधारे महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे ठेवले ते 1933 मध्ये, म्हणजे ‘सिंहगड’नंतर दहा वर्षांनी. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 मध्ये स्थापन झाले होते आणि कागदपत्रे उजेडात येऊ लागली होती. पण कागद पोशाख क्वचितच सांगतो. राहता राहिली ती शस्त्रे. ती मात्र या भागात विपुल होती. कोल्हापूर हे छत्रपतींचे संस्थान. त्याच्या शिलेखान्यात आणि जहागीरदारांच्या वाड्यांत तलवारी, पट्टे, विटे, भाले आणि ढाली होत्या. निपाणकर सरकारांच्या वाड्यापासून बेळगावच्या किल्ल्यापर्यंत हा सारा मुलूख शस्त्रांच्या सहवासात वाढला होता.

मराठी ढाल हाताळून पाहिली की तिच्या रूपामागचे कारण कळते. ती गोल असते, कारण गोल कडेवरून वार निसटतो. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची असली तर ती हलकी असून चिवट असते. तलवार तिच्यात रुतते, पण आरपार जात नाही. तिच्या दर्शनी बाजूवर चार पितळी किंवा लोखंडी फुल्या दिसतात. त्या शोभेच्या नव्हेत. आतल्या बाजूला हात अडकविण्यासाठी जे दोन पट्टे असतात, त्यांच्या कड्यांचे खिळे बाहेर येतात तेथे त्या फुल्या बसवलेल्या असतात. आत एक लहानशी गादी असते, म्हणजे वाराचा हिसका मुठीच्या हाडांना बसू नये. नाटकातील पुठ्ठ्याच्या ढालीवर रंगाने फुल्या काढता येतात, पण आतली गादी कोणी काढीत नाही. आणि गादी नसली की नट ढाल चुकीची धरतो, हात चुकला की खांदा चुकतो, खांदा चुकला की साऱ्या लढाईचे नृत्य होते. वस्तू खरी असली तर देह आपोआप खरा वागतो, हे मेस्त्रीच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

ढालीच्या खरेखोटेपणाचे महत्त्व जगात इतरत्रही असेच ओळखले गेले आहे. दक्षिण आफ्रिकेतील झुलू योद्ध्यांच्या ढाली गाई-बैलांच्या कातड्याच्या असत आणि कातड्याच्या रंगावरून पथक ओळखले जाई. पांढऱ्या ढाली सामान्यतः अनुभवी, विवाहित योद्ध्यांच्या आणि गडद रंगाच्या तरुणांच्या. त्या ढाली राजाच्या मालकीच्या असत आणि राजाच्या कोठारात राहत. 22 जानेवारी 1879 रोजी इसांडलवाना येथे ज्या झुलू सैन्याने ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडविला, त्याच्या बोटभर उंचीच्या प्रतिमा रंगविणारे छांदिष्ट आजही ढालीवरचा ठिपका चुकला तर पुन्हा रंगवायला बसतात, कारण ढाल चुकली की माणूस चुकतो. मराठ्यांच्या बाबतीत हा हट्ट शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात धरला गेला, आणि तोही बोटभर प्रतिमांसाठी नव्हे, तर हालत्या-चालत्या माणसांसाठी.

सिंहगडच्या कथेत तर ढाल हीच नायकाच्या मृत्यूचे कारण आहे. सभासदाची बखर सांगते, की उदयभानाशी झुंजताना तानाजीच्या डाव्या हातातील ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर मिळाली नाही; तेव्हा त्याने डावा हातच ढालीसारखा पुढे केला आणि वार झेलत लढत राहिला. दोघेही एकमेकांच्या हातून पडले. या प्रसंगातील ढाल पुठ्ठ्याची असती, तर तुटण्याला अर्थच उरला नसता. पुठ्ठा तुटतोच. तुटू नये अशी वस्तू तुटते तेव्हाच प्रेक्षकाच्या छातीत धस्स होते.

चित्रीकरणापूर्वी बाबूराव प्रत्येक पात्राची, त्याच्या पोशाखाची आणि हालचालींची रेखाटने करीत. आज चित्रपटसृष्टीत रूढ झालेली ही पद्धत त्यांनी मूकपटाच्या आरंभीच अवलंबिली होती. रंगविलेल्या पडद्यापुढे नट उभे करण्याची नाटकी रीत त्यांनी सोडली. त्यांच्या सेटला भिंती, खांब, कोनाडे आणि कोपरे आले. पात्रे त्या जागेत राहतात असे वाटू लागले. ज्याने आयुष्याची पहिली कमाई पडद्यांवर केली, त्यानेच पडदा मोडीत काढला, ही गोष्ट लहान नव्हे.

रंगांचाही एक पेच होता. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असे. लाल आणि केशरी रंग पडद्यावर काळपट उमटत, निळा मात्र फिकट पांढरा दिसे. भगवा झेंडा जसाच्या तसा फडकविला तर तो काळा दिसणार, लाल मुंडासे काळ्या ढालीत मिसळून जाणार. म्हणजे नेमका रंग वापरला की चित्र खोटे होई, आणि चित्र खरे करावयाचे तर रंग बदलणे भाग पडे. वस्त्राचा रंग, चेहऱ्याचा लेप आणि प्रकाश यांचा मेळ आधीच मनात जुळवून घेण्याची शक्ती चित्रकाराजवळ असते. बाबूराव दिग्दर्शक होण्यापूर्वी चित्रकार होते, याचा लाभ येथे झाला. ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्रीची लढाई रात्रीसारखी दाखविली. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या त्या काळच्या चित्रपटकलेत हे फार पुढचे पाऊल होते. शांताराम यांनी त्यात शेलारमामा उभा केला. शिवाजी महाराजांची भूमिका बाबूरावांनी स्वतः केली. चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहून सरकारला करमणूक कर बसविण्याची कल्पना सुचली, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते.

चित्रपट लोकांपर्यंत पोहोचविण्याच्या कामातही त्यांनी हात आखडता घेतला नाही. छायाचित्रे आणि कथासार असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या, चित्रपटांची भित्तिचित्रे स्वतः रंगविली. ‘कल्याण खजिना’ या 1924 च्या चित्रपटाचे भित्तिचित्र भारतीय चित्रपटाच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र जाहिरातींमध्ये गणले जाते.

ऐतिहासिक पोशाख आणि शस्त्रे यांतच बाबूराव रमले असते, तर ते एक उत्तम वेषभूषाकार म्हणून स्मरणात राहिले असते. परंतु 1925 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला आणि आपला डोळा कोठवर पोहोचतो ते दाखवून दिले. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात ना गड होता, ना ढाल. सावकाराने जमीन गिळलेला एक शेतकरी, त्याचे मोडके खोपट, अंधार आणि शहराच्या गिरणीकडे निघालेली पावले. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली. मावळ्याची ढाल जशी असावी तशीच असली पाहिजे, असे म्हणणाऱ्या माणसाने आता शेतकऱ्याचे फाटके घोंगडेही जसे असते तसेच दाखविले. आग्रह तोच, विषय मात्र उलटा. त्यातून एक सत्य उघडे पडले. मावळ्याचा वंशजच सावकाराच्या दारात उभा होता. ज्याच्या पूर्वजाचा डावा हात ढाल झाला, त्याच्याजवळ आता कसलीच ढाल उरली नव्हती. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ या चित्रपटापासून मानला जातो. प्रेक्षकांनी मात्र त्याचे स्वागत थंडपणे केले. देवादिकांचे चमत्कार आणि तलवारींचा खणखणाट पाहायला आलेल्यांना स्वतःच्या घरचे दुःख तिकीट काढून पाहावेसे वाटले नाही.

येथून बाबूरावांच्या आयुष्याला उतार लागला. कंपनीचे चित्रपट चालूच होते. ‘राणा हमीर’, ‘भक्त प्रल्हाद’, ‘मुरलीवाला’, ‘सती सावित्री’, ‘नेताजी पालकर’, ‘बाजीप्रभू देशपांडे’ अशी नावे ओळीने येतात. 1927 च्या ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शन शांताराम आणि केशवराव धायबर यांनी केले. शिष्य तयार झाले होते. आणि जे शिष्य तयार होतात ते एके दिवशी घर सोडतात. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. ज्या दामल्यांबरोबर कॅमेऱ्याचा एकेक दात कानशीने घासला होता, तेही गेले. बाबूरावांच्या कारखान्यातील यंत्रविद्या, कलादृष्टी आणि दिग्दर्शन ही तिन्ही अंगे एकाच दिवशी दुसऱ्या दारात जाऊन उभी राहिली.

पाठोपाठ चित्रपट बोलू लागला. ‘आलम आरा’ 1931 मध्ये आला आणि 1932 मध्ये ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढून मराठी बोलपटाचा पाया घातला. बाबूरावांना ध्वनीचे आकर्षण नव्हते. मूकपटाने दहा-बारा वर्षांत जी दृश्यभाषा कमावली होती, ती संवादांच्या आणि गाण्यांच्या लोंढ्यात वाहून जाईल, अशी त्यांची धारणा होती. ती पूर्ण चुकीची होती असे म्हणता येणार नाही. आरंभीच्या बोलपटांचा कॅमेरा ध्वनिमुद्रणाच्या अडचणींमुळे जागच्या जागी खिळून राहिला, हे खरेच आहे. पण काळ थांबला नाही. 1930 च्या सुमारास बाबूराव कंपनीतून बाहेर पडले आणि थोड्याच अवधीत ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’चा व्यवहार थांबला.

पुढे त्यांनी बोलपटही केले. शालिनी सिनेटोनसाठी 1935 मध्ये ‘उषा’, 1936 मध्ये ‘सावकारी पाश’ची बोलती आवृत्ती, त्यानंतर ‘प्रतिभा’. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’चे काम त्यांच्याकडे आले, ते पुरे झाले शांताराम यांच्या हातून. गुरूने आरंभिलेले शिष्याने तडीस नेले, आणि तो चित्रपट अफाट लोकप्रिय झाला. पेशवाईच्या अखेरच्या काळातील फड, फेटे आणि डफ यांचे त्यातील चित्रण पाहताना पहिला हात कोणाचा होता, हे जाणकाराला सांगावे लागत नाही.

या साऱ्या चढउतारांत एक गोष्ट त्यांच्यापासून कोणी घेऊ शकले नाही. ती म्हणजे माती. चित्रपटाने पाठ फिरविली तेव्हा बाबूराव पुन्हा शिल्पाकडे आणि चित्राकडे वळले. कोल्हापूरच्या भर वस्तीत मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत त्याची विटंबना झाली आणि त्या जागी छत्रपतींचा पुतळा बसवावा, असा विचार पुढे आला. भालजी पेंढारकर यांनी पुढाकार घेतला आणि शिल्प घडविले बाबूरावांनी. 1945 मध्ये तो पुतळा उभा राहिला. तो चौक आज शिवाजी चौक म्हणून ओळखला जातो. 1923 साली ज्या महाराजांच्या काळाचे वस्त्र आणि शस्त्र शोधण्यासाठी त्यांनी जीव आटविला होता, त्यांना अखेर त्यांनी धातूत उतरविले.

16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले. भाषावार प्रांतरचना अजून व्हावयाची होती. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव आणि निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, आणि ज्या वाटेने पडदे आणि पेटारे जात-येत होते, तिच्यावर सीमा उमटली. त्या सीमेचा वाद आजही मिटलेला नाही. परंतु कलेचा जो वारसा या टापूने मिळून घडविला, त्याची वाटणी करणे कोणत्याही आयोगाला जमलेले नाही. गोव्यातून चोर्ला घाट चढून बेळगावला आणि तिथून निपाणी, कागल करीत कोल्हापूरला जाणारा मराठी माणूस आजही त्याच वाटेने जातो.

काळाने बाबूरावांवर एक अन्याय मात्र केला. मूकपटांच्या काळातील फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि न पेटली तरी वर्षानुवर्षांत कुजून तिची भुकटी होई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 मध्ये, बाबूरावांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. तोवर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक सारे चित्रपट नष्ट झाले होते. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही तुकडे वाचले. ‘सिंहगड’ गेला. मूक ‘सावकारी पाश’ही गेला. ज्या अचूकतेसाठी एका माणसाने आयुष्य वेचले, ती अचूकता आता काही स्थिरचित्रांत आणि पाहणाऱ्यांनी सांगून ठेवलेल्या आठवणींत उरली आहे.

तरीही ते काम वाया गेले नाही. ‘प्रभात’च्या चित्रपटांतील वाडे, वेष आणि शस्त्रे यांचे जे कौतुक झाले, त्याचे धडे दामले आणि फत्तेलाल यांनी बाबूरावांच्या हाताखालीच गिरविले होते. ‘संत तुकाराम’मधले देहू खरे वाटते, कारण ते घडविणाऱ्यांना एका मेस्त्रीने शिकविले होते की वस्तूच्या दर्शनी बाजूइतकीच तिची आतली बाजूही खरी असावी लागते. आजही ऐतिहासिक चित्रपट आला की मावळ्यांच्या अंगावर चिलखतांची आणि चामड्याच्या पट्ट्यांची आरास चढते, ढाली चकाकतात आणि सैनिक पडद्यावर शोभून दिसतात. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारखान्याची आठवण व्हावी. तेथे प्रश्न शोभेचा नव्हता. कोंढाण्याच्या कड्यावर त्या रात्री चढलेला माणूस आपल्यासारखाच हाडामांसाचा होता, त्याच्या हातातील ढाल खरोखरच तुटू शकत होती आणि हे ठाऊक असूनही तो चढला, एवढेच बाबूराव पेंटर यांना दाखवायचे होते.